कागदाच्या साखळ्या, डोलती पिंपळपानं आणि आपलं घर
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही धुळ्याचे, आपण जळगावचे. धुळेकर आणि जळगावकर एकत्र आले की कुठल्या गावचं भरीत चांगलं यावरून वाद ठरलेला. तो वाद आम्ही जेवणाच्या पंगतीत घालू. इथे आम्हाला वेगळ्याच कामासाठी बोलावलं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण विहारात मुलामुलींना कागदकाम शिकवतो. साखळ्या, पताका, कंदील, छताला टांगायची डोलती चित्रं. समितीनं सांगितलं की त्याबद्दल बोला, आणि नुसतं बोलू नका, करूनही दाखवा. आज व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली. त्यांच्यानंतर कात्री आणि खळ घेऊन उभं राहायचं म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण जयंतीच्या आदल्या रात्री घरातली पोरं छताकडे बघत "आपल्या घराला काय लावायचं?" असं विचारतात, तेव्हा उत्तर आईबापांनाच द्यायचं असतं. म्हणून हा विषय आम्हाला हलका वाटत नाही.

आधी एका प्रश्नाचा निकाल लावू. हा प्रश्न आम्हाला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, बहुधा एखादी वयस्कर उपासिका. "बाबासाहेबांनी आपल्याला कर्मकांडातून सोडवलं. मग हे तोरण-पताका कशाला? सजावट म्हणजे शेवटी देखावाच की!" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर द्यायला पुस्तक उघडायची गरज नाही, जळगाव बसस्थानकावरून अजिंठ्याची गाडी धरली की पुरे. साठ किलोमीटरच्या आसपास अंतर. आपण सगळे तिथे जाऊन आलेलो आहोत, मुलांच्या सहली नेल्या आहेत. पद्मपाणीसमोर उभे राहिलो, फोटो पाहिले, परत आलो. पण मान वर करून छत किती जणांनी नीट पाहिलं? दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचं छत बघा. एकात एक गोल, कमळं, वेली, पक्षी, कोपऱ्यांत उडणाऱ्या आकृती. डोक्यावर कापडाचा रंगीत चांदवा ताणून बांधला आहे असा भास होतो. आणि ही जागा कुठली? भिक्खूंच्या राहण्याची. आजूबाजूला त्यांच्या निजायच्या खोल्या आहेत. ज्यांच्याकडे चीवर आणि भिक्षापात्राशिवाय फारसं काही नव्हतं, त्यांच्या विहाराचं छत असं रंगवलं गेलं. दगड पोखरून विहार केला, आणि त्याला वर पुन्हा चांदवा हवासा वाटला. त्यानं कोणाची मन्नत फेडली नाही, कोणाचा कोप टळला नाही. जागा प्रसन्न झाली, एवढंच. आपल्या घरात आपण तेवढ्यासाठीच कागद लावतो.

अजिंठ्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खानदेशातच येऊन पूर्ण होते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नावाच्या एका इंग्रज बाई अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली बंगालमधली काही तरुण मुलं होती. त्यांत एक नंदलाल बोस. लेण्यांच्या अंधारात बसून त्यांनी ती रेष हातात उतरवून घेतली. पुढे ते शांतिनिकेतनचे नामवंत चित्रकार झाले. आणि १९३६ च्या डिसेंबरात हेच नंदलाल बोस आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला आले. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. काँग्रेसचं राजकारण हा आपला आजचा विषय नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' छापून आलं होतं, तेव्हा आपली माणसं कुठल्या बाजूला होती ते इथे सांगायला नको. आम्हाला सांगायचं आहे ते मांडवाबद्दल. नंदलालबाबूंनी तो सगळा परिसर सजवला तो बांबूनं आणि भोवतालच्या गावांत जे साधंसुधं सामान मिळालं त्यानं. अजिंठ्यात शिकलेला एवढा मोठा कलावंत, त्याला मुंबईहून मखमल मागवता आली नसती का? त्यानं खेड्यातलं सामान उचललं. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घालता घालता आम्हाला ही गोष्ट आठवते. त्या पऱ्हाट्यांकडे पुढे येऊच.

आता कागद. आज सकाळी धुळ्याहून निघालो, पारोळा मागे टाकलं आणि एरंडोल लागलं. या एरंडोलचा कागद एके काळी नावाजलेला होता. जाडाभरडा, हातानं केलेला देशी कागद. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. यावललाही असा कागद होत असे. म्हणजे केळी, कापूस आणि सोनं एवढीच या जिल्ह्याची ओळख सांगणाऱ्यांनी कागदही त्यात धरावा. आणि धम्माचं तर कागदाशी फार जुनं नातं आहे. तारीख घातलेलं, छापील आणि पूर्ण स्वरूपात हाती आलेलं जगातलं सर्वात जुनं पुस्तक म्हणजे 'वज्रच्छेदिका' सूत्राची चिनी प्रत, इसवी सन ८६८ ची. चीनच्या तुन-हुआंगच्या गुहांमध्ये ती सापडली, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी लिहिलं आहे की एका माणसानं आपल्या आईवडिलांच्या वतीनं ती फुकट वाटण्यासाठी करवून घेतली. आपल्या लोकांनी कागद आधी वाचायला हाती घेतला आणि मग लटकवायला, हे बरंच झालं म्हणायचं.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये.

चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणुकीच्या रस्त्यानं चालत जाऊन बघा. आम्ही धुळ्यात बघतो, जळगावात वेगळं असेल असं वाटत नाही. बाजारातून डझनावारी आणलेल्या पताकांच्या माळा तुटून पडलेल्या असतात, आणि प्रत्येक पताकेवर बाबासाहेबांचं चित्र, नाहीतर तथागतांचं. वर लोकांचे पाय, सायकली, ट्रॅक्टरची चाकं. सकाळी झाडूवाली येते ती बहुतेक वेळा आपलीच भगिनी असते. तिला तो चेहरा गटारीतून उचलावा लागतो. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला माणसात आणलं त्यांचं चित्र आपण असं रस्त्यावर का पडू द्यावं? छापणारा धंदा करतो, त्याला काय बोलायचं. पण विकत घेणारे आपण आहोत. आमचं स्पष्ट मत आहे की टाकून द्यायच्या वस्तूवर चित्र नको. चित्र भिंतीवर असावं, काचेत असावं, रोज पुसलं जावं. पताकेला रंग पुरतो. निळी पताका लांबून दिसली तरी ती कोणाची हे सगळ्या खानदेशाला कळतं, तिच्यावर काही छापावं लागत नाही.

दुसरं प्लॅस्टिकचं. २०१८ साली मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. पुढे १ जुलै २०२२ पासून सबंध देशात एकदाच वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या. त्या यादीत प्लॅस्टिकचे झेंडे आहेत आणि सजावटीचं थर्माकोलही आहे. कायदा झाला तरी दुकानाच्या मागच्या खोलीत माल असतो, हे आपण जाणतो. आपण तो मागू नये. पांझरेच्या काठी किंवा मेहरूणच्या तलावाशी थर्माकोलचे तुकडे तरंगताना बघितले की आधी कोणाच्या उत्सवाचे ते विचारायची सवय लागली आहे सगळ्यांना. त्यात आपला तुकडा नसावा.

बरं, मग करायचं काय? बालमित्रांनो, आता सरसावून बसा.

साखळीपासून सुरुवात करू. दुकानात 'घोटीव कागद' मागा. एका बाजूनं चकचकीत, दुसरी बाजू पांढरी. ताव साधारण वीस बाय तीस इंचांचा मिळतो. पतंगी कागद स्वस्त पडतो पण साखळीला तो लेचापेचा होतो. तो पताकांसाठी ठेवा. तावाच्या एक इंच रुंद, सहा इंच लांब अशा पट्ट्या कापायच्या. किती निघतील? गणिताच्या मुलांनी सांगावं. शंभर. पट्टीचं एक टोक दुसऱ्यावर अर्धा इंच चढवून चिकटवलं की पावणेदोन इंचांची कडी तयार होते. तिच्यात दुसरी पट्टी ओवायची, चिकटवायची, तिसरी ओवायची. आपली खोली दहा बाय बाराची धरली, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात अशा तिरप्या दोन माळा सोडल्या, मध्ये थोडा झोल ठेवला, तर छत्तीस फूट साखळी लागते. म्हणजे अडीचशे कड्या. पाच रंगांचे पाच ताव आणले तर पाचशे कड्या होतात, एका खोलीला अर्धेच लागतात. उरलेल्यात शेजाऱ्याची खोली होते. पाच ताव, थोडा मैदा आणि एक संध्याकाळ, यात दोन घरं सजतात. बाजारातल्या एका माळेच्या किमतीशी आपली आपणच तुलना करावी.

कापण्याआधी एक काम करा. कागदाला अंग असतं. कापडाला उभं-आडवं असतं तसंच. ताव हातात धरून हळूच एकदा लांबीकडून वाकवा, एकदा रुंदीकडून. एका बाजूनं तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. ज्या बाजूनं सहज वळतो ती पट्टीची लांबी ठेवा. कडी गोल राहते, चेपत नाही. हे कुठल्या चित्रकलेच्या पुस्तकात आम्ही वाचलं नाही. वह्या बांधणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसलं की कळतं.

रंग कोणते, हे आपल्या घरात विचारायला नको. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. धम्मध्वजाचे रंग, त्याच क्रमानं. हा ध्वज श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, १८८५ साली कोलंबोत तयार झाला आणि त्याच वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला फडकला. तो आटोपशीर ध्वजाच्या मापाचा असावा ही सूचना कर्नल ऑल्कॉट यांची. १९५० साली सिलोनमध्ये जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा तो साऱ्या जगातल्या बौद्धांचा ध्वज म्हणून पुढे मांडला गेला, आणि त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः हजर होते. साखळी त्या रंगांची करावी, पण ध्वज म्हणजे ध्वज आणि साखळी म्हणजे साखळी. काही ठिकाणी जुना झेंडा कापून त्याच्या पट्ट्या लावलेल्या आम्ही पाहिल्या. तसं करू नये. आणि एखाद्या घरात केशरी ताव संपला म्हणून हिरवा लावला तर लगेच कोणी त्यांना शिकवायलाही जाऊ नये. पोरांच्या हौसेची साखळी आहे ती.

खळ घरीच करा. वाटीभर मैदा, चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, काचेसारखी पारदर्शक झाली की उतरवायची. चिमूटभर तुरटी घातली तर जरा टिकते. जुने लोक झुरळं-उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, आणि मुलं बोटं चाटतात. आम्ही ते बंद केलं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची खळ दुसऱ्या दिवशी आंबतेच, तेव्हा लागेल तेवढीच करावी. ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांना आणखी एक सांगतो. चिकटपट्टीवर विसंबू नका. आपल्याकडे बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. चिकटपट्टी दुपारी बारालाच सुटते आणि माळ वरणात पडते. माळेच्या टोकाला दोरा बांधा आणि तो खिडकीच्या गजाला किंवा वाशाला गाठ मारून अडकवा. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची परवानगी नसते, तिथेही हीच युक्ती चालते. आम्ही तर केळीच्या खांबाचं सुकलेलं सोपट पाण्यात भिजवून त्याची दोरी वापरतो. जळगावात ते मागून फुकट मिळावं. धुळ्यात आम्हाला दोन ठिकाणी चौकशी करावी लागते.

आता डोलतं चित्र. याला इंग्रजीत 'मोबाईल' म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की ही पुढची मुलं खिशाकडे बघतात, म्हणून आम्ही डोलतं चित्रच म्हणतो. काड्यांच्या टोकांना हलके आकार टांगायचे, त्या काड्या पुन्हा दुसऱ्या काडीला टांगायच्या, सगळं एका दोऱ्यावर तोललेलं. वारा आला की प्रत्येक भाग आपापला फिरतो. अलेक्झांडर काल्डर नावाच्या अमेरिकन शिल्पकारानं १९३० नंतर पत्रा आणि तारेची अशी शिल्पं केली आणि जगभर नाव कमावलं. १९५५ साली ते आपल्या शेजारी अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे पाहुणे होते, तिथेही त्यांनी शिल्पं घडवली. पण आमच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका आजीबाईंनी अहिराणीतून विचारलं, "हाई काय शे? पाळनावरनं चिमणाळंच ना?" त्या बरोबर होत्या. कापडाच्या चिमण्या शिवून, मणी ओवून पाळण्यावर टांगायचं चिमणाळं आपल्या आयाबायांनी कायम केलं आहे. बाळाची नजर त्यावर ठरते, बाळ रमतं, आई भाकरी थापून घेते. काल्डरच्या शिल्पात जास्तीचं काय ते तोल सांभाळण्याचं शास्त्र, आणि ते पाचवीतल्या मुलालाही समजतं.

बाजारातून काही आणू नका. काडी कपाशीच्या पऱ्हाटीची घ्या, सरळ आणि वाळलेली, फूटभर लांब. खराट्याची काडीही चालते. आकारांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात आणि सोनेरी कड असते. आपल्याकडच्या पत्रिकांवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची चित्रं असतात, तो भाग कापायचा नाही, तशी पत्रिका बाजूला ठेवायची. उरलेल्या कागदावर पिंपळाचं खरं पान ठेवून पेन्सिल फिरवा आणि कापा. पिंपळपान कापायला सोपं, आणि त्याचं शेपूट दोरा बांधायला सोयीचं.

फूटभराची, म्हणजे बारा इंचांची काडी. एका टोकाला एक पान, दुसऱ्या टोकाला तशीच दोन पानं. दोरा कुठे बांधाल? मध्ये बांधला तर दोन पानांची बाजू खाली जाणार. दोन पानांच्या टोकापासून चार इंचांवर बांधा. तिकडे दोन पानं गुणिले चार इंच, म्हणजे आठ. इकडे एक पान गुणिले आठ इंच, आठ. काडी आडवी राहते. भाजीवाल्याच्या तराजूत हेच आहे, विहिरीवरच्या मोटेच्या धावेवर नाही पण रहाटाच्या दांड्यात हेच आहे, आणि जत्रेतल्या पाळण्यात मुलं बसवताना पाळणेवाला हेच बघतो. पऱ्हाटी एका टोकाला जाड असते, त्यामुळे हिशेबात थोडा फरक पडतो. दोरा जरा सरकवून बघायचा. नेहमी खालच्या काडीपासून सुरुवात करा. खालची तोलली की ती सबंध काडी म्हणजे वरच्या काडीचं एक वजन झालं. वरून खाली करत आलात तर रात्र संपेल.

चक्र कापायचं असेल तर कागदाची घडी महत्त्वाची. आठ आऱ्यांचं धम्मचक्र सोपं: गोल कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. मग मधल्या फटी कापा. चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र अर्धं-अर्धं करून कधीच येत नाही, सोळा येतील नाहीतर बत्तीस. त्याला आधी तीन सारखे भाग पाडावे लागतात आणि मग प्रत्येकाचे तीनदा अर्धे. मोठ्या मुलांनी करून बघावं. जमलं की त्यांना गणिताच्या बाईंना दाखवायला सांगा.

डोलतं चित्र कुठे टांगायचं, यात आपल्या घरांत खरी गंमत आहे. आपल्याकडे एप्रिलपासून पंखा बंद होत नाही. पंख्याच्या पात्याखाली टांगलं तर पाच मिनिटांत गुंता. पात्याच्या टोकापासून दोन-अडीच फूट लांब, शक्यतो दाराजवळ, जिथे आतल्या-बाहेरच्या हवेची येजा असते तिथे ते छान फिरतं. आणि कूलरसमोर अजिबात नको. कूलरची हवा ओली असते, पतंगी कागद मलूल होतो आणि त्याचा रंग भिंतीच्या चुन्यावर उतरतो. लाल रंगाचा डाग तर पुढच्या रंगकामापर्यंत जात नाही. पाळण्यावर टांगणार असाल तर बाळाचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि दोरा लांब लोंबता ठेवू नका. बाळ उठून बसायला लागलं की काढून टाका.

आणि विस्तव. वंदनेच्या वेळी मेणबत्त्या लावतो, अगरबत्ती लावतो. घोटीव कागद क्षणात पेटतो, आणि एक कडी पेटली की साखळीच ती, शेवटपर्यंत जाते. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेच्या वर माळ लोंबती सोडायची नाही. ज्योतीपासून हातभर तरी लांब. पंखा चालू असेल तर त्याहून जास्त. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघरी बांबूच्या आणि पातळ कागदाच्या कंदिलांची रोषणाई असते, फार देखणी. तसे आपण आता करायला लागलो आहोत, आनंद आहे. पण आत मेणबत्ती नको, जुना तापणारा बल्बही नको. एलईडीचा छोटा दिवा बसवा.

पावसाळ्यासाठी वेगळं सांगतो. बाबासाहेब १९३७ साली ३१ जुलैला धुळ्याला आले होते. त्या आठवणीसाठी दर वर्षी त्या दिवशी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपले लोक जमतात. जळगावहूनही पुष्कळ येतात. त्या दिवसांत कागद बाहेर टिकत नाही. तिथे कापडाच्या पताका कराव्यात, जुन्या निळ्या साडीच्या, सुताच्या दोरीत शिवलेल्या. धुवून घडी करून दहा वर्षं वापरता येतात.

हे सगळं कोणी करायचं, याबद्दलही बोलायला हवं. आमचा अनुभव असा की खीर, पुरीभाजी, पाहुणे, पांढरी साडी धुणं, सगळं बायकांकडे, आणि त्यात आता कागदाच्या कड्याही त्यांच्याच गळ्यात. भगिनी हसताहेत, म्हणजे जळगावातही तसंच. कात्री पुरुषांनी हातात घ्यावी. रात्री नऊ ते अकरा, टीव्ही बंद. मुलांनी पट्ट्या कापाव्यात, बापानं चिकटवाव्यात, आजोबांनी रंगांचा क्रम सांभाळावा. आमच्या भागातले एक निवृत्त गृहस्थ, उभी हयात सूतगिरणीत गेली, बोलणं फार कमी. त्यांच्या नातवानं त्यांच्यापुढे पट्ट्या आणून टाकल्या. तीन संध्याकाळी दोघं चिकटवत बसले, आणि त्या तीन संध्याकाळी आजोबांनी नातवाला गिरणीतला संप, १९७२ चा दुष्काळ आणि आपल्या आईनं दगड फोडून त्यांना कसं शिकवलं ते सगळं सांगितलं. हे घरात मुलालाही माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं म्हणून काही ते बोलले नाहीत. हात कामात होते म्हणून बोलले असावेत.

आणि साखळी उतरवायचीही असते. पौर्णिमा झाली, दोन-चार दिवस राहू द्या, मग उतरवा. धूळ धरून वर्षभर लोंबणारी माळ घराला शोभा देत नाही. खाली सतरंजी अंथरून हलक्या हातानं उतरवायची, वर्तमानपत्रात सैल गुंडाळायची, आत दोन-चार लवंगा किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा आणि कपाटावर ठेवायची. चांगली केलेली साखळी जयंती, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, तिन्ही दिवस काढते. डोलत्या चित्राच्या काड्या वेगळ्या करून ठेवा, नाहीतर दोऱ्यांचा गुंता सोडवण्यात पुढची जयंती निघून जाईल.

आता बोलणं पुरे. चहा झाल्यावर बाहेरच्या ओट्यावर बसायचं आहे. पाच रंगांचे दहा ताव, खळीचं पातेलं आणि पऱ्हाट्यांचा भारा आम्ही आणला आहे. कात्र्या मात्र सहाच आहेत, तेव्हा जवळ राहणाऱ्यांनी घरातली घेऊन यावी, शिंप्याची मोठी आणू नये. लहान मुलांनी आधी चिकटवायला बसावं, कापायला नंतर. विहाराच्या या दालनाची लांबी आम्ही मोजली आहे, पस्तीस फूट आहे. संध्याकाळच्या वंदनेआधी तिला पुरेल एवढी साखळी व्हायला हवी.

जय भीम. नमो बुद्धाय.